नववा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



फेब्रुवारी २००१ मधली गोष्ट. मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात शिक्षक होतो. जनगणनेचा प्रगणक म्हणून गावातली काही घरं माझ्या वाट्याला आली होती. लाखोळी काढणीला आलेली, त्यामुळे माणसं घरी सापडायची ती एकतर भल्या सकाळी, नाहीतर दिवेलागणीला. एका घरी ओसरीवर घरधनी बसले होते. नाव, वय, धर्म, शिक्षण असं विचारत मी पंधराव्या प्रश्नाशी आलो. "घरात कोणी अपंग आहे का?" ते म्हणाले, "नाही गुरुजी, देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत." मी रकाना तसाच सोडला. तेवढ्यात आतून त्यांची म्हातारी आई आली. मी म्हटलं, "कशा आहात आजी?" तिनं हात जोडले आणि मी काय विचारलं ते लेकाच्या खुणांवरून समजून घेतलं. मी लेकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिले काही नाही गुरुजी, वयानं थोडं कमी आयकू येते."

रकाना तसाच राहिला. खरं तर प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की अजिबात ऐकू येत नसेल, किंवा फक्त मोठा आवाज ऐकू येत असेल, तर बहिरेपणाचा कोड लिहायचा. पण लेक ‘नाही’ म्हणतो आहे, आई समोर उभी आहे आणि अंधार पडायच्या आत अजून चार घरं करायची आहेत. माणूस अशा वेळी सोपं ते करतो. मीही केलं.

आज माझा विषय आहे वेगवेगळ्या देशांतल्या अपंगांच्या हक्कांचं मोजमाप आणि त्यांची तुलना. विषय जिनिव्हा-न्यूयॉर्कचा वाटेल. पण तिथल्या जाड अहवालांतला प्रत्येक आकडा कुठल्या तरी ओसरीवर, कुठल्या तरी गुरुजीनं भरलेल्या किंवा न भरलेल्या रकान्यातून निघालेला असतो. म्हणून मी ओसरीपासून सुरुवात केली.

एक खुलासा आधीच करतो. मी ‘अपंग’ म्हणतो, कारण माझ्या पिढीच्या तोंडात तोच शब्द बसला आहे. मग ‘विकलांग’ आलं, आणि २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवल्यापासून ‘दिव्यांग’. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागही झाला. शब्दावरून कुणाचं मन दुखावत असेल तर क्षमा असावी. माझ्या ओळखीच्या एका पोलिओग्रस्त शिंप्याचं म्हणणं असं, की मला काहीही म्हणा, पण तहसीलच्या जिन्याला कठडा लावा.

आता आकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत देशात अपंग माणसं निघाली २ कोटी १९ लाख. २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख. लोकसंख्या वाढली तसा हाही आकडा वाढला, असं वाटेल. पण आत डोकावून बघा. २००१ मध्ये दृष्टिदोष असलेले होते १ कोटी ६ लाख, आणि २०११ मध्ये फक्त ५० लाख. उलट कर्णबधिर होते साडेबारा लाख, ते झाले ५० लाखांच्या वर. म्हणजे दहा वर्षांत अर्ध्या आंधळ्यांना दिसू लागलं आणि बहिऱ्यांची संख्या चौपट झाली!

असं काही घडलेलं नव्हतं. मधल्या काळात व्याख्या बदलली होती. २००१ मध्ये एक डोळा गेलेला आणि दुसरा शाबूत असलेला माणूस अपंगांत धरायचा, ही सूचना होती. २०११ मध्ये त्याला धरायचं नाही, असं ठरलं. श्रवणयंत्र लावून ज्याला ऐकू येतं तो २००१ मध्ये अपंग नव्हता, २०११ मध्ये झाला. प्रकार पाचाचे आठ झाले. प्रश्नाची जागासुद्धा बदलली. २००१ मध्ये तो पंधरावा होता, २०११ मध्ये नववा झाला. उगाच नाही. माझ्यासारखे प्रगणक पंधराव्या प्रश्नापर्यंत येता येता थकतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

आपल्या महाराष्ट्राचं तर विचारूच नका. २००१ मध्ये १५ लाख ७० हजार, २०११ मध्ये २९ लाख ६३ हजार. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. आता हा आकडा एखाद्या परदेशी अभ्यासकाच्या हाती दिला, तर तो काय म्हणेल? महाराष्ट्रात काहीतरी भयंकर रोग आला म्हणेल. महाराष्ट्रात आलं होतं ते थोडं नीट विचारणं. तेही पुरेसं नीट नव्हतंच, पण निदान आधीपेक्षा बरं.

एकाच देशाच्या दोन मोजण्या एकमेकींशी जुळत नाहीत, तिथं दोन देशांची तुलना कशी करायची? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी मिळून अपंगत्वावर एक मोठा अहवाल काढला. जगात शंभरातले सुमारे पंधरा लोक अपंग आहेत, असा त्यात अंदाज होता. २०२२ मध्ये संघटनेनं तो सोळावर नेला, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. आणि आपल्या जनगणनेत? शंभरात २.२१. ऑस्ट्रेलियानं २०२२ च्या पाहणीत स्वतःच्या देशात शंभरात एकवीस अपंग मोजले. मग काय, भारतातली माणसं ऑस्ट्रेलियातल्या माणसांपेक्षा दहापट सुदृढ आहेत? आमच्या भागात धानाच्या चिखलात कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाया साठीला आल्या की त्यांचे गुडघे काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

गंमत अशी, की ज्या देशात अपंगांसाठी सोयी बऱ्या आहेत तिथंच अपंग जास्त निघतात. कारण उघड आहे. सांगून काही मिळत असेल तर माणूस सांगतो. सांगून नुसती लाज पदरी पडणार असेल, मुलीचं लग्न मोडणार असेल, तर "सगळे धडधाकट आहेत" हेच उत्तर येणार. म्हणून नुसत्या संख्येवरून देशांची रांग लावली तर ती उलटी लागते.

यावर उपाय शोधण्यासाठी २००१ मध्येच, म्हणजे मी त्या ओसरीवर बसलो होतो त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकारानं एक गट स्थापन झाला. त्याला वॉशिंग्टन गट म्हणतात. त्यांनी सहा प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही बघायला अडचण होते का? यंत्र लावूनही ऐकायला अडचण होते का? चालायला, पायऱ्या चढायला? आठवण ठेवायला, लक्ष लावायला? अंघोळ, कपडे असलं स्वतःचं करायला? आपल्या रोजच्या भाषेत दुसऱ्याला समजावून सांगायला किंवा त्याचं समजून घ्यायला? उत्तरं चार. अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, जमतच नाही. एका तरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ आलं, की तो माणूस मोजायचा.

या सहा प्रश्नांत ‘अपंग’ हा शब्दच नाही, हे लक्षात घ्या. खरी करामत तिथं आहे. काही वर्षांपूर्वी हे प्रश्न माझ्या वाचनात आले तेव्हा मी हौस म्हणून आमच्याच गल्लीत ते विचारून पाहिले. मास्तर निवृत्त झाले की त्यांना असले उद्योग सुचतात. ज्या घरांत एरवी ‘कोणी नाही’ म्हणाले असते, तिथं लोक आपणहून बोलायला लागले. "पायऱ्या? नाही जमत हो, म्हणूनच तर मंदिरात जात नाही." "आठवण? कालचं विचारू नका." एका काकूंनी तर नवऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, यांना ऐकायला येतं, पण समजून घ्यायला खूप अडचण आहे. तो विनोद बाजूला ठेवू. पण माझा जुना रकाना मला आठवला. ‘ऐकायला किती अडचण?’ असं विचारलं असतं, तर त्या लेकानं आईची खरी स्थिती सांगितली असती. ‘अपंग आहे का?’ म्हटल्यावर त्याला तो आईचा अपमान वाटला.

हे झालं माणसं मोजण्याचं. हक्क मोजणं हे त्याहून अवघड काम आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली, अगदी पहिल्या काही देशांत. २०१९ मध्ये त्या कराराच्या समितीनं भारताची तपासणीही केली. आता समजा, आपण तक्ता आखला आणि पहिला रकाना केला, ‘करार मान्य केला का?’ भारत, होय. नेपाळ, होय. बांगलादेश, होय. अमेरिका, नाही! २००९ मध्ये अमेरिकेनं सही केली, पण डिसेंबर २०१२ मध्ये त्यांच्या सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८ अशी मतं पडली, दोन तृतीयांश भरली नाहीत आणि मान्यता राहून गेली. या रकान्यात आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. पण अमेरिकेत १९९० पासून असा कायदा आहे, की दुकानात चाकाच्या खुर्चीनं जाता येत नसेल तर दुकानदाराला कोर्टात खेचता येतं, आणि लोक खेचतात.

दुसरा रकाना करू. नोकरीत राखीव जागा. भारतात सरकारी नोकरीत ४ टक्के. जपानमध्ये एप्रिल २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनाही अडीच टक्के ठरले, आणि मोठ्या कंपनीनं तेवढी माणसं घेतली नाहीत तर पैसे भरावे लागतात. जर्मनीत वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर ५ टक्के. आणि ब्रिटन? शून्य. युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांसाठी त्यांनी १९४४ च्या कायद्यात ३ टक्के जागा ठेवल्या होत्या. १९९५ च्या कायद्यानं त्या काढल्या आणि त्याऐवजी भेदभाव करण्यालाच बंदी घातली. आता या रकान्यात ब्रिटनला शून्य गुण द्यायचे का? पुरस्कर्ते भांडतील, विरोधक भांडतील, आणि तक्ता करणारा बिचारा रकान्याखाली तारांकित टीप टाकेल.

तिसरा रकाना, राज्यघटना. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात जगातल्या १९३ देशांच्या घटना आणि कायदे वाचून असे तक्ते केले जातात. आपल्या घटनेच्या १५व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये असं म्हटलं आहे. अपंगत्वाचा तिथं उल्लेख नाही. म्हणून तिथं आपली फुली. मात्र ४१व्या कलमात विकलांग माणसाला सरकारी साहाय्य मिळावं अशी तरतूद आहे. ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत येतं, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. मग अर्धा गुण द्यायचा का? अर्ध्या गुणावरून वर्गात पोरं भांडतात तशीच विद्वान मंडळीही भांडतात.

असा कागदाचा अभ्यास निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. कागद नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? पण कागद कसा फसवतो त्याचं एक उदाहरण माझ्या वर्गातलं आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

माझी एक विद्यार्थिनी होती. नाव सांगत नाही. तिसरीत होती. हुशार, पण पावसाळ्यात सारखी गैरहजर. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे पटावरची निम्मी पोरं शेतावर असतात, तेव्हा मी समजलो की हिला कामाला नेत असतील. एकदा सगळ्यांसमोर रागावलोही. ती काही बोलली नाही. पुढं कळलं की तिला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार फार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हातपाय, कंबर, छाती अशी ठणकतात की मोठा माणूस गडबडा लोळतो. गारठा आणि ओल हे तर त्याला आमंत्रणच. पावसात भिजून धुऱ्यावरून शाळेत येणारं पोर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतं. चार दिवसांनी उठतं तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, हिला काय झालंय?

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ती बसत नव्हती. २०१६ मध्ये नवा कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले, आणि त्यांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांच्यासोबत सिकलसेलही आलं. मला फार आनंद झाला. तोवर ती कॉलेजात गेली होती. मीच तिच्या वडिलांना म्हटलं, दाखला काढा. मग सुरू झाल्या फेऱ्या. लाखांदूर जिल्ह्याच्या टोकाला, वैनगंगा ओलांडली की पलीकडे वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. तपासणीला जायचं तर दोघांचा दिवस जातो आणि बापाची मजुरी बुडते. पहिल्या वेळी ती गेली त्या दिवशी दुखणं नव्हतं, चालत गेली, चालत आली. टक्केवारी लागली ४०च्या खाली. सवलतींसाठी ४० लागतात. आमच्याकडे परीक्षेत ३५ला पास करतात, इथं पाच जास्त.

दुखणं येतं आणि जातं, आणि मोजणारा एकाच दिवशी मोजतो. वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांतही ती निसटते, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. ‘चालायला अडचण?’ आज नाही. आषाढात विचारा.

पुढं एकदा ती इस्पितळात दाखल झाली, त्यानंतर फेरतपासणी झाली आणि दाखला मिळाला. मग तिनं नोकरीच्या जाहिराती बघायला सुरुवात केली. कायद्याच्या ३४व्या कलमात ४ टक्के जागा कुणाला, ते सांगितलं आहे. अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, हातापायांचं अपंगत्व असलेले (कुष्ठरोगातून बरे झालेले त्यातच येतात), मग स्वमग्न, बौद्धिक आणि मानसिक अपंगत्व असलेले, आणि ज्यांना यांतली एकाहून अधिक आहेत ते. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्क्यांत ती बसते, नोकरीच्या ४ टक्क्यांत बसत नाही. ती माझ्याकडे जाहिरातीचा कागद घेऊन आली होती. म्हणाली, "गुरुजी, मी अपंग आहे की नाही?" कायदा दोन्ही म्हणतो, असं मी तिला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

आता पुन्हा तो जागतिक तक्ता घ्या. ‘भारतात सिकलसेलला अपंगत्वाची मान्यता आहे का?’ होय. ‘अपंगांना सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत का?’ होय. दोन्ही बरोबर, दोन्ही रकान्यांत पूर्ण गुण. आणि या दोन होयांच्या मधल्या फटीत ती मुलगी उभी आहे. सार्वजनिक इमारती सुगम करण्याचंही तसंच. कायद्यात ते बंधनकारक आहे, पण नियमांत ती नुसती शिफारस होऊन बसली होती. हे सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दाखवून दिलं आणि केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं. तोवर आपण रकान्यात होयच लिहीत होतो.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण कशाची ते ठरवून. मला पटलेली रीत अशी. आधी एकाच देशातल्या दोन शेजाऱ्यांची तुलना करा, एक अपंग आणि एक नसलेला. त्यांच्यातलं अंतर मोजा. मग एका देशातलं अंतर दुसऱ्या देशातल्या अंतराशेजारी ठेवा. देश गरीब असो की श्रीमंत, त्या देशानं आपल्या सगळ्या माणसांना जे दिलं, ते अपंगाला दिलं की नाही, एवढंच त्यातून बघायचं. मग आपली श्रीमंत जर्मनीशी बरोबरी होत नाही म्हणून रडायला नको, आणि गरीब आहोत म्हणून सुटकाही नको.

आपल्याकडची ही अंतरं सरकारी पाहणीतच आहेत. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सात वर्षांवरच्या अपंगांत साक्षर निघाले ५२.२ टक्के. त्याच सुमारास सगळ्या भारतीयांत हे प्रमाण होतं ७७.७. पंधरा वर्षांवरच्या अपंगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे २३.८ टक्के, तर २०१७-१८ मध्ये सगळ्यांत ते ४९.८ होते. आणि हातात अपंगत्वाचा दाखला होता फक्त २८.८ टक्क्यांच्या. म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर जणांसाठी २०१६ च्या कायद्यातल्या बहुतेक सवलतींचं दार उघडलेलंच नव्हतं. देशाच्या तक्त्यात कुठं एकच आकडा लिहायची मुभा असेल, तर मी हा लिहीन.

आणखी एक रीत मला आवडली. कॅनडात टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातून २००३ मध्ये एक काम सुरू झालं. त्यामागे स्वीडनचे बेंग्ट लिंडक्विस्ट होते. ते स्वतः अंध, त्यांच्या देशात मंत्री राहिलेले, नंतर संयुक्त राष्ट्रांचे अपंगत्वविषयक प्रतिनिधी. त्यांची कल्पना अशी, की मोजणी अपंगांनीच करावी. त्यांनाच शिकवायचं, त्यांनीच दुसऱ्या अपंगांच्या घरी जाऊन विचारायचं, तुला कुठं अडवलं, कोण अपमान करून बोललं, मग तू काय केलंस. त्यातून टक्केवारी कमी निघते आणि हकिगती जास्त. सांख्यिकीवाल्यांना ते आवडत नसेल. पण माझ्याजागी त्या ओसरीवर एखादी कमी ऐकू येणारी बाई पिशवी घेऊन गेली असती, तर त्या आजींचा रकाना कोरा राहिला नसता, एवढं मला वाटतं.

२०२१ ची जनगणना करोनात राहून गेली. आता १ मार्च २०२७ ही नव्या गणनेची तारीख ठरली आहे. मी निवृत्त असल्यानं कुणा तरुण शिक्षकाला ते काम मिळेल. आमच्या शाळेतला एक जण परवा विचारत होता, "सर, अनुभव सांगा, लवकर कसं आटोपायचं?" मी त्याला म्हटलं, घरधन्याला विचारून झालं की ओसरीवरून उठू नकोस. आतल्या माणसांना बाहेर बोलाव. त्या आजी २००८ मध्ये गेल्या. २००१ मध्ये मी त्यांचा रकाना भरला नाही, आणि २०११ मध्ये नववा प्रश्न घेऊन मी त्याच दारात गेलो, तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटो होता.